गवताच्या गाडीवरचं आभाळ: पॅनेलच्या कामाच्या नोंदी

८ जून

रविवारच्या चित्रकलेच्या क्लाससाठी वाचनालयाच्या भिंतीवर लावायची चार पॅनेल करायची ठरलीयत. विषय एकच, निसर्गचित्र बघायचं कसं. काढायचं कसं ते आम्ही शिकवतोच, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं वर्षभर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यातच बुडालेली असतात, पण एखादं मोठं चित्र समोर ठेवून त्याच्यापुढे निवांत बसायचं हे कुणी करून घेत नाही. परवा एका मुलाला विचारलं तुला हे चित्र का आवडलं, तर म्हणाला एकदम फोटोसारखं आलंय. मोठी माणसंही हेच म्हणतात, कुठल्याही प्रदर्शनात कडेला उभं राहून ऐका. ते म्हणणं मनापासूनचं असतं, पण तिथेच बघणं थांबतं, आणि मला त्याच्या पुढचं दाखवायचंय.

चित्र निवडलंय जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश निसर्गचित्रकाराचं 'द हे वेन', म्हणजे गवताची गाडी. १८२१ चं, कॅनव्हासवर तैलरंग, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. इंग्लंडात ते बिस्किटांच्या डब्यांवर आणि जिगसॉ पझलवर इतक्या वेळा छापलं गेलंय की लोकांना ते पाठ आहे, आणि जे पाठ असतं ते कुणी नीट बघत नाही. आपल्याकडे मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ ला सुरू झालं आणि तिथून ब्रिटिश वळणाचं निसर्गचित्रण आपल्या चित्रकारांच्या हातात आलं, तेव्हा हे चित्र आपल्या पोरांना फार परकं वाटणार नाही असा माझा अंदाज आहे.

काय आहे चित्रात? स्टूअर नावाची नदी, इंग्लंडातल्या सफोक आणि एसेक्स परगण्यांच्या सीमेवरची. डावीकडे विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं घर, त्याच्या मागे दाट झाडं. पाण्यात एक रिकामी लाकडी गाडी, काळे घोडे, गाडीत दोन माणसं. अलीकडच्या काठावर एक कुत्रा. उजवीकडे उघडं कुरण, लांब, खूप लांब, गवत कापणारी माणसं, पांढऱ्या ठिपक्यांएवढी. आणि वर आभाळ. घडत काहीच नाही. गाडी नदी ओलांडतेय, बस.

१० जून

कागदाचा प्रश्न लगेच सुटला. मूळ चित्र १८५.४ सेंमी रुंद आणि १३०.२ उंच, म्हणजे प्रमाण साधारण १.४२. आपल्या ए-साइझच्या कागदाचं प्रमाण १.४१. ए-टू कागद आडवा धरला तर उंचीत फक्त तीनेक मिलिमीटर फरक पडतो. मास्किंग टेपची पट्टी खालून थोडी वर घेतली की झालं काम. टोनची, म्हणजे नुसत्या उजेड-अंधाराची, कॉपी ए-टूवर चारकोलमध्ये करणार, रंगाचा मोठा प्रिंट वेगळा काढून घेणार.

नॅशनल गॅलरीच्या साइटवर चित्र मोठं करून बघता येतं. आज संध्याकाळी भाचीने आणि मी मिळून नुसतं झूम करून फिरलो. ती म्हणाली, "मावशी, तो बघ झुडपात कोण आहे." उजव्या काठाला झुडपामागे एक माणूस आणि एक होडी. मला माहीत होता तो, पण तिला तो तिचा तिला सापडला हे फार बरं झालं. पॅनेलवर त्याचं नाव गाव काही लिहायचं नाही असं तेव्हाच ठरवलं, पोरांनी शोधू दे.

१३ जून

आज फक्त रचना. टोनला हात लावला नाही.

प्रिंटआउटवर ट्रेसिंग पेपर ठेवून मोठे आकार तेवढे काढले. पानं नाहीत, विटा नाहीत, घोड्याचे पाय नाहीत. निघाले ते असे: डावीकडे एक जड गोळा, घर आणि झाडं मिळून. तो गोळा मध्याकडे येताना पायरी-पायरीने उतरतो, मोठी झाडं, मग लहान झाडं, मग झुडपं, आणि उजवीकडे पोचेपर्यंत त्याची एक बारीक पट्टी उरते जी लांबच्या झाडांची रांग आहे. त्या उतरत्या रेषेच्या वर जी जागा मोकळी राहते ती सगळी आभाळाची. म्हणजे आभाळ हा उरलेला भाग नाहीये, तो स्वतःच एक आकार आहे, आणि झाडांच्या आकाराइतकाच वजनदार. ट्रेसिंगवर आभाळाला पेन्सिलने तिरप्या रेघा मारल्या तर एकदम डोळ्यात भरलं.

पाणी खालून पसरतं आणि आपल्याला आत घेऊन जातं. पुढच्या काठावरून थेट उडी मारून आत जाता येत नाही, पाण्यातूनच जावं लागतं, आणि पाण्यात गाडी उभी आहे, म्हणजे नजर तिथून पुढे पलीकडच्या कुरणावर. गाडीपण तिकडेच निघालीय. तिकडे लांब गवत भरायचं काम चाललंय आणि ही रिकामी गाडी तिकडेच जातेय, म्हणजे गोष्ट आणि रचना एकाच दिशेने चाललीय. कुणाला बाण काढून दाखवायची गरज पडत नाही.

एक गोष्ट मला मुद्दाम पॅनेलवर हवीय. आजकाल मोबाईलच्या कॅमेऱ्यात ती तीन-तीन खानांची जाळी असते, त्यामुळे पोरांना वाटतं की मुख्य वस्तू त्या रेषांच्या छेदावरच पाहिजे, मधोमध ठेवली की चित्र बिघडलं. इथे गाडी जवळपास मध्यावर आहे! आणि तरी चित्र गोठत नाही. का, तर तिच्या दोन बाजूंना जे आहे ते एकमेकांसारखं अजिबात नाही. डावीकडे बंद, गर्द, जवळचं. उजवीकडे उघडं, फिकट, लांबचं. गाडी त्या दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर आहे. मध्यावर ठेवणं चालतं, फक्त तराजूची दोन्ही पारडी सारखी दिसू द्यायची नाहीत.

१६ जून

टोन सुरू.

टोनबद्दल पोरांना एकच सांगते, रंगाचं नाव विसरा, किती उजेड किती अंधार तेवढं सांगा. पाच पायऱ्या केल्या. एक म्हणजे कोरा कागद, पाच म्हणजे चारकोल दाबून लावलेला. चित्राचा ग्रे-स्केल प्रिंट, म्हणजे रंग काढून नुसत्या करड्या छटांचा, काढला, डोळे बारीक करून बघितला, आणि प्रत्येक मोठ्या आकाराला एक नंबर दिला. आभाळातले पांढरे ढग एक. लांबचं उन्हातलं कुरण दोन. पाणी दोन ते चार, जिथे आभाळ पडलंय तिथे दोन, जिथे झाडं पडलीत तिथे चारपर्यंत. पुढचा काठ चार. घरामागची झाडं चार आणि त्यांच्या पोटात पाच. घोडे पाच.

आता गंमत बघा, म्हणजे मला तरी हे बघताना अंगावर काटा आला. सगळ्यात गडद पाच नंबर दोनच ठिकाणी ठळक आहे, झाडांच्या पोटात आणि घोड्यांवर. झाडांच्या पोटातला पाच चारांनी वेढलाय, त्यामुळे तो ओरडत नाही, मऊ राहतो. घोड्यांचा पाच मात्र पाण्याच्या दोनशेजारी उभा आहे. तेवढाच गडदपणा, पण शेजार बदलला आणि एक ठिकाण खोल गेलं, दुसरं पुढे आलं. आपल्याकडे पोरं मुख्य वस्तूला उठाव द्यायचा म्हणून तिच्याभोवती काळी आउटलाइन काढतात, क्लासमध्ये दर आठवड्याला बघते मी. कॉन्स्टेबलने शेजार निवडला. हे वाक्य दुसऱ्या पॅनेलच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात जाणार.

उलट बाजूने पण तेच. घराची पांढरी भिंत डावीकडच्या गर्दीत आहे म्हणून ती दिसते. तीच भिंत उजवीकडे कुरणाजवळ असती तर विरघळली असती.

२० जून

चारकोल कॉपीचं पहिलं थर देऊन झालं. पूर्ण कागदावर आधी तीन नंबरचा सपाट टोन लावला, कापडाने पुसून एकसारखा केला, आणि मग उजेड नीडेबल, म्हणजे मळून हवा तसा आकार देता येणाऱ्या, खोडरबरने काढून घेतला, अंधार वरून चढवला. असं केलं की मधला टोन फुकटात मिळतो आणि हात दोन्हीकडे मोकळा राहतो. ढग खोडरबरने काढताना फार मजा येते, दाबून उचललं की कडा मऊ, घासलं की कडा कडक.

आणि एक जाणवलं ते लगेच लिहून ठेवते. घोड्यांच्या अंगावर लाल साज आहे, रंगीत चित्रात नजर पहिली तिथेच जाते. ग्रे-स्केलमध्ये तो लाल जवळपास गायब! घोड्याच्या काळ्यात आणि आजूबाजूच्या मध्यम टोनमध्ये मिसळून जातो. म्हणजे टोनच्या हिशोबात तो लाल काहीच गडबड करत नाही, उजेड-अंधाराची घडी जशीच्या तशी राहते, आणि रंगाच्या हिशोबात तोच सगळ्यात मोठा आवाज, कारण चहूबाजूंनी हिरवं आणि हिरव्याच्या विरोधात लाल. दोन वेगळी यंत्रं आहेत ही, रंगाचं आणि टोनचं, आणि या माणसाने दोन्ही स्वतंत्रपणे चालवलीत. पोरांना हे सांगून पटणार नाही, दाखवूनच पटेल, म्हणून रंगीत आणि ग्रे असे घोड्यांचे दोन मोठे तुकडे शेजारी शेजारी लावायचे. बाकी मजकूर दोन ओळी पुरे.

२४ जून

भाचीचा प्रश्न, "मावशी, हा कुत्रा इथे कशाला गं?"

उत्तर न देता एक कागदाचा तुकडा कापला, काठाच्या रंगाचा, आणि प्रिंटवर कुत्र्यावर ठेवला. तिला म्हटलं आता बघ. ती बघत राहिली, मग म्हणाली, "खालचा भाग मेला." बरोबर. अलीकडचा काठ हा सगळा चार नंबरचा रिकामा पट्टा आहे, त्यावर कुत्रा नसला तर तो नुसता अडथळा होतो, चित्राच्या तळाला लावलेली एक तपकिरी पट्टी. कुत्रा तिथे उभा राहून गाडीकडे बघतोय म्हणून आपणही त्याच्याबरोबर काठावर उभे राहतो आणि पाण्यापलीकडे बघायला लागतो. तुकडा काढला, परत ठेवला, परत काढला. हा प्रयोग पॅनेलवर ठेवायचाच, वेल्क्रो लावून एक छोटं झाकण करू, मुलांनी हाताने उचलायचं.

आणि यातली खरी मोठी गोष्ट पुढे आहे. कुत्र्याशेजारी पुढच्या भागात कॉन्स्टेबलने आधी घोडा काढला होता, मग तो झाकून तिथे पिंप काढलं, मग तेही रंगाने बुजवून टाकलं. काळाबरोबर वरचा रंग थोडा पारदर्शक झाला आणि त्या बुजवलेल्या पिंपाची सावली आता पुसट दिसते. म्हणजे तो पण आपल्यासारखा तुकडे ठेवून-काढून बघत होता, आणि शेवटी त्याने जागा मोकळी ठेवली. पिंप असतं तर पुढे एक वजनदार वस्तू आली असती, तिने गाडीशी भांडण काढलं असतं. कुत्रा लहान आहे, हलका आहे, आणि त्याचं तोंड गाडीकडे आहे. पुढच्या भागाला तेवढंच हवं होतं. मला या चित्रात सगळ्यात धाडसाचं काय वाटतं विचाराल तर तो रिकामा ठेवलेला काठ. तेवढ्या मोठ्या कॅनव्हासवर, प्रदर्शनात लोकांनी बघावं म्हणून काढलेल्या चित्रात, हातातली वस्तू काढून टाकायला फार मोठी छाती लागते.

३० जून

कॉन्स्टेबल ही मोठी चित्रं करताना आधी तेवढ्याच मापाचं कच्चं तैलचित्र करायचा. साधारण सहा फुटी. अशा सहा फुटी चित्रांची सुरुवात १८१९ च्या 'द व्हाइट हॉर्स'पासून झाली. कच्च्याला एवढा मोठा कॅनव्हास कोण घालवतं? पण तो घालवायचा, कारण लहान स्केचमधला टोन मोठ्या मापावर जसाच्या तसा चालत नाही, हे त्याला ठाऊक असणार. तळहाताएवढ्या चित्रात एक गडद ठिपका बरोबर वाटतो, तोच सहा फुटांवर वाढवला की भिंतीएवढा अंधार होतो. 'हे वेन'चं ते पूर्ण मापाचं कच्चं चित्र लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

आज दोन्ही स्क्रीनवर शेजारी लावून बघितली. कच्च्यात तपकिरी जमीन, म्हणजे कॅनव्हासवरचा अगदी खालचा थर, जागोजाग तशीच दिसते, रंग झपाझप मारलाय, झाडं म्हणजे नुसते गडद लोट, आभाळ जास्त अस्वस्थ. तपशील शोधाल तर सापडणार नाही. आणि तरी पाच नंबर, दोन नंबर, सगळे जिथल्या तिथे. टोन आधी बसवला, वस्तू नंतर त्यात राहायला आल्या.

माझं स्वतःचं मत, टोन शिकायला कच्चं चित्र जास्त चांगलं. पण अंतर बघायचं असेल तर पक्कंच. उजवीकडचं ते कुरण, उन्हाची पट्टी, सावलीची पट्टी, परत उन्हाची पट्टी, आणि प्रत्येक पट्टी मागे जाताना थोडी फिकट आणि थोडी बारीक, हे कच्च्यात एवढं नाही. पक्क्यात तिथे बोट ठेवून मैलभर चालत जाता येतं. तिसऱ्या पॅनेलवर दोन्ही लावू.

७ जुलै

पावसाने आठवडा खाल्ला, प्रिंट आणायला बाहेर पडता आलं नाही, तेव्हा घरीच आभाळाचं काम केलं. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पाचं पोट इथे आहे.

ग्रे-स्केलच्या एका झेरॉक्सवर आभाळ पूर्ण झाकलं, दोन नंबरचा सपाट पोस्टर कलर लावून. बाकी काही बदललं नाही. आणि चित्र कळेनासं झालं. कुरणावर ती उन्हाची पट्टी का आहे? मधेच सावली का? झाडांचा वरचा शेंडा उजळ आणि खाली गर्द का? पाण्यात तो पांढरा तुकडा कुठून आला? सगळे प्रश्न उघडे पडले, कारण उत्तर वर होतं आणि ते आपण पुसलं. मूळ चित्रात डावीकडे वर पावसाळी राखाडी ढग आहे, उजवीकडे उजळ ढगांचा डोंगर, आणि जमिनीवर नेमकं तेच चाललंय, डावीकडे गर्द, उजवीकडे उघडं. जमीन आभाळाचंच ऐकतेय.

कॉन्स्टेबलने हे स्वतः लिहूनही ठेवलंय. १८२१ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन फिशर या पाद्री मित्राला पाठवलेल्या पत्रात तो म्हणतो की निसर्गचित्रात आभाळच सूर ठरवतं, भावना पोचवायचं मुख्य साधन तेच, उजेडाचा उगम तिथे आणि बाकी सगळ्यावर सत्ता त्याचीच. जो चित्रकार आभाळाला रचनेचा महत्त्वाचा भाग करत नाही तो स्वतःची मोठी मदत गमावून बसतो, असंही. १८२१ आणि १८२२ मध्ये तो लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला बसून नुसते ढग रंगवत होता, आणि त्यातल्या कित्येक अभ्यासांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून होता हे लिहून ठेवायचा. त्याचं बालपण स्टूअरकाठचं, बापाची फ्लॅटफर्डला पिठाची गिरणी. गिरणीवाल्याच्या घरात वारा-पाऊस हा रोजच्या धंद्याचा विषय, तेव्हा ढग त्याला शोभेचे कधीच वाटले नसणार.

हे चित्र १८२१ मध्ये लंडनला रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा त्याचं नाव होतं 'लँडस्केप: नून'. निसर्गचित्र, दुपार. गाडीचा उल्लेखसुद्धा नाही! त्याच्या लेखी विषय होता दुपारचा उजेड. गाडीचं नाव चिकटलं ते फिशरमुळे, तो तसं म्हणायचा म्हणून.

८ जुलै

गच्चीवरून समोरचा डोंगर बघत होते. आषाढातलं आभाळ, पांढरं, एकसारखं, सावली कुठेच नाही. अशा दिवशी जमिनीवरचे टोन इतके जवळजवळ येतात की दोन आणि तीनमध्येच सगळं संपतं, फक्त ओली झाडाची खोडं आणि खडक पाचवर. मग चित्र काढायचं तर त्या खोडांवरच उभं करायला लागणार. पोरांना पुढच्या रविवारी खिडकीतून हेच बघायला सांगते, आधी आभाळाचा नंबर लिहा, मग जमिनीचे.

१५ जुलै

रंगीत प्रिंटचं प्रूफ आलं. पिवळट, चहाचं पाणी फिरवल्यासारखं. प्रेसवाल्या दादांना विचारलं तर म्हणाले, "ताई, जुनं चित्र आहे ना, म्हणून थोडं वॉर्म केलं, भारी दिसतं." त्यांनी आपुलकीनेच केलं होतं. पण मग त्यांना बसवून व्हायोलिनची गोष्ट सांगितली.

सर जॉर्ज ब्यूमाँट नावाचा मोठा चित्रसंग्राहक कॉन्स्टेबलचा स्नेही होता. त्याला वाटायचं, चित्राचा एकूण रंग जुन्या व्हायोलिनसारखा तपकिरी असावा, कारण जुनी नावाजलेली चित्रं तशी दिसायची, वार्निश पिवळं पडून. कॉन्स्टेबलने काय केलं, एक व्हायोलिन उचललं आणि घरासमोरच्या हिरव्या गवतावर ठेवलं. बास. पुढे बोलायची गरजच राहिली नाही. ही गोष्ट त्याच्या चरित्रात त्याच्या मित्राने, लेस्लीने, नोंदवलीय.

आता हे टोनशी कसं जोडलंय ते महत्त्वाचं. सगळ्यावर तपकिरी झाक चढवली की उजळ टोन खाली येतात आणि गडद टोन एकमेकांत मिसळतात, पाच पायऱ्यांच्या साडेतीन राहतात. चित्र एकसंध दिसतं, हो, पण ते एकसंधपण फुकटचं असतं. कॉन्स्टेबलला हिरवं हिरवंच ठेवून एकसंधपण हवं होतं, ते त्याने टोनने साधलं. जवळून बघा, झूम करून, एकाही झाडात एकच हिरवा नाही, पिवळट, निळसर, काळपट, उजळ असे बारीक बारीक फटकारे शेजारी शेजारी, आणि वरून पांढऱ्याचे ठिपके, ओल्या पानावर ऊन चमकतं तसे. त्या काळी लोक या ठिपक्यांची 'कॉन्स्टेबलचा बर्फ' म्हणून चेष्टा करायचे. लांब गेलं की ते सगळे हिरवे मिळून एका नंबरवर बसतात. प्रत्येक फटकारा वेगळ्या रंगाचा पण टोनच्या ठरलेल्या पायरीवरचा, म्हणून झाड फुटत नाही आणि मरतही नाही.

दादांनी दुसरं प्रूफ काढायला घेतलं, वॉर्म काढून. शेजारी ग्रे-स्केल ठेवून तपासायचं असं ठरलंय, दोन्हींचे पाचही नंबर जुळले की छापायचं.

२१ जुलै

आज आमचे सर आले होते, निवृत्त ड्रॉइंग टीचर, माझी इंटरमिजिएट त्यांच्याच हाताखाली झाली. चारही पॅनेलचे कच्चे लेआउट टेबलावर मांडले. सर बराच वेळ गाडीपाशीच थांबले. मग म्हणाले, "अगं, ही गाडी पाण्यात मुद्दाम उभी केलीय. चाकं भिजवायला." आणि हे बरोबर आहे, या चित्राबद्दल तसं सांगितलंही जातं, कोरड्या हवेत लाकूड आकसतं, चाकाभोवतीची लोखंडी धाव ढिली पडते, पाण्यात घातलं की लाकूड फुगून धाव घट्ट बसते. पण सरांना ते कुठे वाचावं लागलं नव्हतं, त्यांच्याकडे बैलगाडी होती, उन्हाळ्यात चाकं ओढ्यात भिजत घालायचे. पुढे म्हणाले, "बघ, आरे कसे काढलेत, गाडी माहीत असलेल्या माणसाचं काम आहे."

आणि खरंच, कॉन्स्टेबल हे चित्र लंडनमध्ये स्टुडिओत बसून करत होता, तर गाडी नेमकी कशी असते त्याची रेखाटनं त्याने गावाकडून मागवून घेतली, जॉन डनथॉर्न नावाच्या ओळखीच्या तरुणाकडून. मनाने ठोकून दिलं नाही.

सरांचा आणि माझा एक मतभेद राहिला. त्यांच्या मते चौथं पॅनेल गाडीवर पाहिजे, माणूस, कष्ट, अवजार, कारण पोरं शेतकऱ्यांच्या घरातली आहेत आणि त्यांना तिथून आत शिरता येईल. माझ्या मते चौथं आभाळाचंच. सरांचा मुद्दा मला मनापासून पटतो, पण गाडीच्या बाजूने बोलायला सगळेच आहेत, आभाळाच्या बाजूने कुणी नाही. शेवटी असं ठरलं की चाकाचा एक मोठा क्लोज-अप पहिल्या पॅनेलवर, सरांच्या शब्दांत दोन ओळींसकट, आणि आभाळ शेवटी.

जाताना सरांनी विचारलं, त्याच्या काळात लोकांनी डोक्यावर घेतलं का. इंग्लंडात तरी नाही. लंडनच्या प्रदर्शनात विकलं गेलं नाही. पुढे अरोस्मिथ नावाच्या व्यापाऱ्याने हे आणि स्टूअरचंच आणखी एक मोठं चित्र असं मिळून २५० पौंडांना घेतलं आणि पॅरिसला नेलं, तिथे १८२४ च्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, लागलं आणि फ्रान्सचा दहावा चार्ल्स राजा, त्याच्याकडून सुवर्णपदक मिळालं. देलाक्रवासारखा फ्रेंच चित्रकार त्यापुढे थांबला. नॅशनल गॅलरीला ते १८८६ मध्ये हेन्री वॉन या संग्राहकाने भेट दिलं, म्हणजे कॉन्स्टेबल जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाल्यावर. तो १८३७ ला गेला.

२८ जुलै

चारकोल कॉपी पूर्ण. शेवटचा हात झाडांच्या कडांना दिला. आभाळाला लागून असलेली कड काही ठिकाणी कडक, काही ठिकाणी हरवलेली, आणि जिथे राखाडी ढगापुढे झाड आहे तिथे कड आपोआप हरवते कारण दोन्ही टोन जवळचे, जिथे उजळ ढगापुढे आहे तिथे पान न् पान कापल्यासारखं. मी कड वेगळी काढलीच नाही, टोन लावले आणि कड झाली. चारकोल पुसला जाऊ नये म्हणून फिक्सेटिव्हचा हलका फवारा मारलाय, उद्या दुसरा.

पॅनेलचा मजकूर कमी केला, भरपूर कमी केला. प्रत्येकावर दोन-तीन ओळी आणि एक प्रश्न. पहिलं, सगळ्यात आधी नजर कुठे गेली? दुसरं, चित्रातला सगळ्यात गडद ठिपका शोधा आणि त्याच्या शेजारी काय आहे ते सांगा. तिसरं, कच्चं आणि पक्कं, काय काढून टाकलंय? चौथ्यावर आभाळ झाकलेलं चित्र आणि खाली मूळ, आणि प्रश्न असा: कुरणावर ऊन पडलंय ते तुम्हाला कशावरून कळलं? उत्तरं कुठेच छापलेली नाहीत. भाचीचा आग्रह होता मागच्या बाजूला छापू, मी नको म्हटलं.

कुत्र्याचं झाकण तयार आहे, वेल्क्रो जरा जास्त घट्ट बसतंय, लहान मुलांना उचलताना पॅनेल हलेल म्हणून पट्टी अर्धी कापायची. लॅमिनेशन मॅट घ्यायचं, ग्लॉसी नको, ट्यूबलाइट पडली की घोड्यांचा पाच नंबर पांढरा दिसतो. रविवारी सकाळी आठला वाचनालयात जाऊन लावून यायचं, खिडकीसमोरच्या भिंतीवर नको, बाजूच्या.